बंदूक, दुकान आणि वर्गणी

आमच्या खानापूर तालुक्यात बंदूक म्हटली की ती बहुधा एका घरची आणि साऱ्या गावाला ठाऊक असलेली. रानडुकरे आणि गवे भातात शिरू नयेत म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना काढून घेतलेली, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आलेली, खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूची फुले मिळणारी आणि निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा होणारी. ती कोणत्या दुकानातून घ्यावी, असा प्रश्न तिच्या मालकाला सहसा पडत नाही. परवाना हातात पडला हेच पुष्कळ! मग बंदूकवाल्यांची एखादी संघटना असावी, तिला दरवर्षी वर्गणी द्यावी आणि त्या वर्गणीवरून दोन सख्ख्या भावांनी तावातावाने भांडावे, हे तर आपल्याला स्वप्नातही सुचणार नाही.

मी ते अमेरिकेत ऐकले. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत पिट्सबर्गजवळ कन्येकडे पाच आठवडे राहण्याचा योग आला. तिच्या घराला लागून दोन भावांची घरे. थोरले सत्तरी ओलांडलेले, हायस्कुलात लाकूडकाम आणि यंत्रकाम शिकवून निवृत्त झालेले. धाकट्यांनी उभा जन्म ट्रक चालवण्यात घालवलेला. मी शाळेचा मुख्याध्यापक आहे हे कळल्यापासून दोघेही मला ‘प्रिन्सिपल’ म्हणू लागले. माझे एम.ए. मराठीतले आणि त्यांचे इंग्रजी पेनसिल्व्हेनियातले. तरीही संध्याकाळी परसातल्या ओट्यावर आमच्या गप्पा जमत. एका मास्तराला दुसरा मास्तर कळायला भाषा फारशी आड येत नाही.

दोघांकडे मिळून बंदुका किती, हे मी विचारले नाही. त्यांच्याकडे असा प्रश्न विचारणे म्हणजे आपल्याकडे एखाद्याचे बँकेतले शिल्लक विचारण्यासारखे आहे, अशी सूचना जावईबापूंनी आधीच दिली होती. पण बंदूक हा त्या घरांतला लपवण्याचा विषय नव्हता. तिथे हरणाची शिकार हा जत्रेसारखा उत्सव. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा सोमवार हा वर्षानुवर्षे शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस आणि त्या दिवशी अनेक शाळांना चक्क सुट्टी! २०१९ पासून राज्याच्या शिकार-खात्याने हा दिवस शनिवारवर आणला, तरी पुष्कळ शाळांनी सोमवारची सुट्टी सोडली नाही. हे ऐकून मला आमच्या शाळेची आठवण झाली. भातकापणीच्या दिवसांत हजेरीपटावर शून्यांच्या रांगा लागतात. त्यापेक्षा सरळ सुट्टी दिलेली बरी.

अमेरिकेतल्या प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांकडे स्वतःची बंदूक आहे. त्यामुळे ‘बंदूकवाले’ म्हणजे एका साच्यातून काढलेली माणसे नव्हेत, हे ओघानेच आले. बाहेरच्यांना वाटते, त्यांचा वाद फक्त बंदूक नको म्हणणाऱ्यांशी असेल. प्रत्यक्षात त्यांचे कडाक्याचे वाद आपापसांतच चालतात, आणि ते दोन प्रश्नांभोवती फिरतात: पैसे कोणत्या दुकानात खर्च करायचे आणि वर्गणी कोणत्या संघटनेला द्यायची?

आधी दुकानाचे पाहू. तिथे बंदूक विकण्याचा धंदा करायचा तर केंद्र सरकारचा परवाना लागतो. ग्राहकाने छापील अर्ज भरायचा, दुकानदाराने त्याची माहिती सरकारी यंत्रणेकडे पाठवून गुन्ह्याची वगैरे नोंद नाही ना याची खात्री करून घ्यायची, मगच विक्री. ही झटपट तपासणीची व्यवस्था १९९८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. दूरच्या व्यापाऱ्याकडून संगणकावर मागणी नोंदवली तरी बंदूक टपालाने थेट घरी येत नाही. ती गावातल्या परवानाधारक दुकानात येते आणि तो दुकानदार थोडे शुल्क घेऊन कागदपत्रे पुरी करून ती हवाली करतो.

पहिली ठिणगी इथेच पडते. धाकटे सांगत होते, “लोक कोपऱ्यावरच्या लहान दुकानात जातात, तासभर वेगवेगळ्या रायफली हाताळतात, म्हाताऱ्या मालकाचे डोके खातात आणि घरी येऊन चाळीस डॉलर वाचवायला दुसरीकडे मागणी नोंदवतात. वर तो माल उतरवून घ्यायला पुन्हा त्याच म्हाताऱ्याकडे जातात!” मला हसू आले. आमच्या गावातल्या पुस्तकविक्रेत्याची कहाणी याहून वेगळी नाही. दुकानात उभ्याउभ्या अर्धे पुस्तक वाचायचे आणि विकत घ्यायचे ते पुण्याच्या प्रदर्शनातून, सवलतीत.

पण खरा वणवा पेटला तो २०१८ साली, आणि तोही या भावांच्या गावाजवळच. डिक्स स्पोर्टिंग गुड्स ही खेळाच्या सामानाची मोठी दुकानसाखळी. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यात एका तरुणाने आजीने दिलेल्या तीनशे डॉलरवर मासेमारीच्या सामानाचे दुकान टाकले, त्याचा हा वटवृक्ष. मुख्य कचेरी पिट्सबर्गच्या विमानतळाजवळ. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुकच्या प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले, तेव्हा या कंपनीने आपल्या मुख्य दुकानांतून लष्करी धाटणीच्या रायफली काढल्या. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या हायस्कुलात १७ जणांचा बळी गेला. मारेकऱ्याने पूर्वी एक शॉटगन याच कंपनीच्या दुकानातून कायदेशीरपणे घेतली होती. त्या दिवशी वापरलेली बंदूक ती नव्हे. पण संस्थापकाचे चिरंजीव एडवर्ड स्टॅक, जे तेव्हा कंपनीची धुरा वाहत होते, त्यांना ते पुरे झाले. दोन आठवड्यांत त्यांनी जाहीर केले: अशा रायफली आता आमच्या कोणत्याच दुकानात मिळणार नाहीत, जास्त गोळ्यांची मॅगझिने मिळणार नाहीत आणि एकवीस वर्षांखालच्या कोणालाही बंदूक मिळणार नाही. शिल्लक राहिलेला सुमारे पन्नास लाख डॉलरचा रायफलींचा साठा त्यांनी परत न पाठवता भंगारात मोडून टाकला.

बंदूकवाल्यांनी पाठ फिरवली. मॉसबर्ग आणि स्प्रिंगफील्ड आर्मरी या बंदूक उत्पादकांनी माल देणे बंद केले. धंद्याच्या राष्ट्रीय संघटनेने कंपनीचे सभासदत्व काढून घेतले. या निर्णयामुळे सुमारे पंचवीस कोटी डॉलरचे नुकसान झाले, असा अंदाज पुढे स्टॅक यांनीच सांगितला. उलट बाजूने, कधी बंदुकीला हात न लावलेले लोक मुद्दाम त्या दुकानात जाऊन बूट आणि चेंडू घेऊन आले. कंपनी बुडाली नाही. पुढे तिने शेकडो दुकानांतून शिकारीचा विभागच उठवला.

आता या दोन भावांची मते पाहा. थोरले २०१८ पासून त्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत. “काय विकायचे ते दुकानदाराने ठरवावे,” ते म्हणाले, “त्याला माझी हरकत नाही. पण माझ्याच खरेदीच्या पैशातून वॉशिंग्टनमध्ये माणसे नेमून माझ्याविरुद्ध कायदा मागायचा, हे मला चालणार नाही.” कंपनीने त्या वर्षी राजधानीत कायद्याच्या पाठपुराव्यासाठी माणसे नेमली होती, हे खरे आहे. धाकटे मात्र नातवाचे फुटबॉलचे बूट तिथूनच आणतात. “बुटात काय राजकारण?” असे म्हणून ते थोरल्यांना डिवचत.

थोरल्यांची स्मरणशक्ती दांडगी. दुकानांचेच नव्हे, तर कारखान्यांचेही जुने हिशेब त्यांना तोंडपाठ. १८५२ साली स्थापन झालेली स्मिथ अँड वेसन ही पिस्तुलांची नामांकित कंपनी. मार्च २००० मध्ये तिने क्लिंटन सरकारशी करार केला: पिस्तुलाला कुलूप बसवू, विक्रेत्यांना शिस्तीचे नियम लावू, सरकारने आणि शहरांनी खटले मागे घ्यावेत. बंदूकवाल्यांना ही शरणागती वाटली. ग्राहक आणि दुकानदार दोघांनीही तोंड फिरवले, विक्री कोसळली. टॉमकिन्स या ब्रिटिश मालक कंपनीने १९८७ साली ११ कोटी २५ लाख डॉलरला घेतलेला हा कारखाना २००१ साली अवघ्या दीड कोटी डॉलर रोखीत, कर्जाचा बोजा खरेदीदाराच्या अंगावर टाकून, विकला. मालक बदलले, करार बाजूला पडला आणि गिऱ्हाईक हळूहळू परत आले.

बिल रूगर यांची गोष्ट याहून जुनी. १९८९ साली या कारखानदाराने काँग्रेसच्या सदस्यांना पत्र लिहून सुचवले, की मॅगझिनमध्ये पंधरापेक्षा जास्त गोळ्या नसाव्यात. हेतू काय होता, यावर आजही वाद घालता येईल. बंदुकांवरच बंदी येण्यापेक्षा डब्यावर मर्यादा आलेली बरी, असाही त्यात हिशेब असेल. रूगर २००२ साली वारले. पण थोरले ते पत्र काल आल्यासारखे आठवत होते. मी म्हटले, “अहो, पस्तीस वर्षे झाली!” तर म्हणाले, “प्रिन्सिपल, विरोधकाने विरोध केला तर ते त्याचे काम. आपल्या पंगतीला बसलेल्याने केला की लक्षात राहते.”

मला हे वाक्य फार बोलके वाटले, कारण ते बंदुकीपुरते नाही. कोणत्याही समूहाला आपण वेढलेले आहोत असे वाटू लागले, की समोरच्यापेक्षा शेजारच्यावर डोळा राहतो. जो तडजोडीचा शब्द काढेल तो घरभेदी ठरतो. त्याच्या शब्दात तथ्य आहे की नाही हे मग कोणी पाहत नाही. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

या तापात कधीकधी विनोदही घडतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये नॅशनल रायफल असोसिएशनने जाहीर केले, की यती नावाच्या थंडपेट्या करणाऱ्या कंपनीने आपल्याशी संबंध तोडले. कंपनीचे म्हणणे असे, की जुनी सवलत योजना आम्ही अनेक संस्थांसाठी बंद केली आणि त्याऐवजी दुसरी देऊ केली. तो खुलासा येईपर्यंत लोकांनी आपल्या महागड्या पेट्यांत स्फोटके भरून त्या उडवल्या आणि त्याची चित्रे जगाला दाखवली. धाकट्यांनी हा प्रसंग सांगताना कपाळाला हात लावला. पेटीचे पैसे कंपनीला कधीच पोचले होते. उडाली ती पेटी स्वतःच्या पैशाची!

आता वर्गणी. इथे भावांच्या भूमिका उलट्या झाल्या. थोरले नॅशनल रायफल असोसिएशनचे आजीव सभासद. ही संस्था १८७१ सालची. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांचा नेम किती कच्चा होता हे पाहिलेल्या दोन उत्तरेकडच्या अधिकाऱ्यांनी ती न्यूयॉर्कमध्ये काढली. नेमबाजी शिकवणे, स्पर्धा भरवणे, सुरक्षिततेचे धडे देणे हेच तिचे पहिल्या शंभर वर्षांतले मुख्य काम. थोरले बारा वर्षांचे असताना याच संस्थेच्या प्रशिक्षकाकडे शिकले. बंदूक भरलेलीच आहे असे समजून हाताळावी, हा पहिला धडा त्यांना अजून आठवतो. १९७७ साली सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत सभासदांच्या एका गटाने रात्रभर सभा चालवून जुने नेतृत्व उलथवले आणि तेव्हापासून संस्था राजकारणात पुढे झाली.

धाकट्यांनी आपले सभासदत्व सोडले होते. कारण विचारण्याची गरजच नव्हती. त्या वर्षी वर्तमानपत्रे त्यानेच भरलेली होती. १९९१ पासून संस्थेचा कारभार पाहणाऱ्या वेन लापिएर यांच्यावर आणि संस्थेवर न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी २०२० साली दावा लावला. २०२१ मध्ये संस्थेने टेक्सासमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तो न्यायालयाने फेटाळला. खटल्यात खाजगी विमानांचे प्रवास, बहामा बेटांवरच्या सहली, बेव्हर्ली हिल्सच्या दुकानातले उंची सूट असे सारे बाहेर आले. जानेवारी २०२४ मध्ये लापिएर यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारीत ज्यूरीने त्यांना दोषी धरून सुमारे साडेत्रेचाळीस लाख डॉलर संस्थेला परत करावेत असे ठरवले आणि मी परत आल्यावर जुलैत न्यायाधीशांनी त्यांना संस्थेच्या कारभारात दहा वर्षे बंदी घातली.

मला त्या निकालातले एक कलम सर्वांत महत्त्वाचे वाटले. गैरकारभाराकडे बोट दाखवणाऱ्यांना कायद्याने जे संरक्षण द्यायला हवे ते संस्थेने दिले नाही, असेही ज्यूरीने म्हटले. २०१९ साली संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष ऑलिव्हर नॉर्थ यांनी वकिलांच्या भरमसाट बिलांविषयी प्रश्न काढले होते. पद सोडावे लागले ते त्यांना. कारभारी आणखी पाच वर्षे टिकले.

थोरल्यांना याचे दुःख होते, पण ते संस्था सोडायला तयार नव्हते. “देवळाचा पुजारी लबाड निघाला म्हणून देऊळ पाडायचे का?” अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले. २००५ साली उत्पादकांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला तो याच संस्थेच्या ताकदीवर, हे त्यांनी बजावून सांगितले. धाकटे म्हणत, की ताकद कोणाची? खुद्द वॉशिंग्टन शहरातली पिस्तूलबंदी ज्या हेलर खटल्याने २००८ साली पाच विरुद्ध चार मतांनी उठली, तो खटला या मोठ्या संस्थेने नव्हे, तर मूठभर स्वतंत्र वकिलांनी उभा केला होता. २०१० च्या शिकागोच्या खटल्यामागे होती ती १९७४ साली निघालेली सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन. म्हणून त्यांची वर्गणी आता त्या संस्थेला. कॅलिफोर्नियातून सुरू झालेल्या, तडजोड नको म्हणणाऱ्या गन ओनर्स ऑफ अमेरिकेचीही पत्रे त्यांच्याकडे येत, पण तिथे ते हात आखडता घेत. “प्रत्येक पत्रात आभाळ कोसळत असते,” ते म्हणाले, “आणि ते सावरायला मी पंचवीस डॉलर पाठवायचे असतात.”

मी दोघांनाही विचारले, की खाजगी व्यवहारातही खरेदीदाराची तपासणी व्हावी, हे तुम्हाला मान्य आहे का? थोरले थोडे थांबून हो म्हणाले. धाकटे लगेच हो म्हणाले. पाहण्याही हेच सांगतात: बंदूक बाळगणाऱ्यांतल्या बहुसंख्यांना ते मान्य आहे. मात्र ते ज्यांना वर्गणी देत आले त्या संस्थांची भूमिका याच्या उलट. म्हणजे सभासदाचे मत एक आणि त्याच्या पैशाने छापलेल्या पत्रकातले मत दुसरे. वर्गणी भरताना तो बंदुकीच्या हक्काला देतो आणि पावती मात्र सगळ्याच भूमिकांची फाटते.

आणखी एक वर्गणी आहे, जिच्याविषयी दोघेही भांडत नव्हते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के आणि पिस्तुलांवर १० टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या संवर्धनासाठी मिळतो. कर उत्पादक भरतो, पण किमतीतून तो ग्राहकावरच येतो. दुकान डावे असो की उजवे, कोणत्याही दुकानातून घ्या, तो जातोच. जंगले राखणे, प्राण्यांची गणना, नेमबाजीची मैदाने, नवशिक्यांचे वर्ग यांत तो खर्च होतो. थोरले म्हणाले, “माझ्या वडिलांच्या लहानपणी हरीण दिसणे दुर्मीळ होते. आता ते माझ्या बायकोच्या बागेतली फुले खातात.” ज्या पैशाचा गाजावाजा नाही त्यातून सर्वांत जास्त उभे राहिले, असे मला दिसले.

इतके ऐकूनही माझ्या मनाला एक गोष्ट टोचत राहिली. माझी नात पहिलीत आहे. एका दुपारी ती मला शाळेतल्या सरावाविषयी सांगत होती. घंटा झाली की बाई दिवे मालवतात, दाराला कुलूप लावतात आणि सगळ्यांनी कोपऱ्यात भिंतीला टेकून गुपचूप बसायचे. “खोकला आला तर, आजोबा, तोंड असं दाबायचं,” म्हणून तिने करून दाखवले. तीस वर्षे मी मुलांना शांत बसवतो आहे. पण अशा कारणासाठी शांत बसायला शिकलेले मूल मी पहिल्यांदा पाहिले. हा प्रकार मी संध्याकाळी ओट्यावर सांगितला. दोघे भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग थोरले आपल्या नेहमीच्या दुकानाविषयी बोलू लागले. त्यांनी ते दुकान स्वस्त म्हणून धरलेले नव्हते. तिथल्या मालकाने एकदा एका ओळखीच्या तरुणाला बंदूक द्यायला नकार दिला होता. कागदपत्रे ठीक होती, नोंद स्वच्छ होती, पण मुलगा ठीक दिसत नव्हता. मालकाने त्याला बसवून कॉफी दिली आणि घरी फोन केला. परवानाधारक दुकानदाराला असा नकार देण्याचा अधिकार आहे.

या गोष्टीला मोठी पार्श्वभूमी आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २००९ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका दुकानातून आठवड्याभरात तिघांनी वेगवेगळी बंदूक विकत घेतली आणि प्रत्येकाने काही तासांत स्वतःला संपवले. दुकानदार हादरला. त्यातून त्या राज्यात बंदूकविक्रेते आणि सार्वजनिक आरोग्याची माणसे एकत्र बसली. काउंटरवरच्या माणसाने ग्राहकाकडे कसे पाहावे, काय ओळखावे, कधी थांबवावे, याची पत्रके आणि भित्तिपत्रके त्यांनी दुकानांना दिली. हीच रीत पुढे इतर राज्यांनीही उचलली. तिच्यासाठी कोणाला आपला हक्क सोडावा लागला नाही.

मला वाटते, पाठिंबा कोणत्या दुकानाला द्यावा या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. दुकानदार आपल्या बाजूच्या घोषणा देतो की नाही, यापेक्षा काउंटरपलीकडच्या माणसाकडे तो बघतो की नाही, हे विचारावे. संस्थेचेही तसेच. ती किती मोठ्याने ओरडते यापेक्षा हिशेब दाखवते का, आणि हिशेब मागणाऱ्याला दाराबाहेर काढते का, हे पाहावे. दोन्ही भावांचा मूळ हक्काविषयी मतभेद नव्हता. पार्कलंडच्या आणि सँडी हुकच्या मुलांविषयीही त्यांना दुःख होते. पण निष्ठा आणि हिशेब या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, असे त्यांच्या संघटनांनी त्यांना कधी सांगितले नव्हते.

पैशाने बाजू घेणे ही रीत आपल्याला परकी नाही. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. ती होळी सर्वांना आठवते. पण त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला, हे किती जणांना आठवते? थंडपेटी उडवणे आणि जंगल राखणे यांत जो फरक, तोच होळीत आणि काच कारखान्यात. दोन्हींची गरज पडत असेल. पण पहिल्यावर टाळ्या पडतात आणि दुसऱ्यासाठी कीर्दखतावणी ठेवावी लागते.

आमच्या भागातही भाषेच्या नावाने, उत्सवाच्या नावाने, हुतात्म्यांच्या स्मृतीच्या नावाने पावतीपुस्तके फिरतात. बहुतेक कार्यकर्ते प्रामाणिक आहेत, पदरमोड करणारे आहेत. तरीही गेल्या वर्षीचा जमाखर्च विचारला की चेहरे बदलतात. “सर, तुम्हीसुद्धा?” असे एक जुना विद्यार्थी मला दोन वर्षांमागे म्हणाला होता. त्या ‘सुद्धा’त सारे आले. मी त्याला बसवून घेतले, चहा दिला आणि सांगितले, “बाळ, ज्या कामावर माझी माया नाही त्याचा हिशेब मी कशाला मागू?” तो वही घेऊन आला नाही, पण रागावूनही गेला नाही. त्याच्या गटातून फुटलेला दुसरा गट पुढच्या आठवड्यात आला, त्यालाही मी तेच विचारले. दोघांनाही माझी वर्गणी पोचली, हिशेब पाहिल्यावर देईन म्हटलेली जादा रक्कम मात्र अजून माझ्याकडेच आहे.

शाळेत आम्ही एक केले. स्नेहसंमेलनासाठी पालकांकडून जमा झालेल्या पैशाचा ताळेबंद यंदा सूचनाफलकावर लावला: मांडव, ध्वनिक्षेपक, बक्षिसे, अल्पोपाहार, शिल्लक. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. पहिल्या दिवशी एका पालकाने बेरजेतली पन्नास रुपयांची तफावत दाखवली. आमच्या लिपिकांनी खोडून दुरुस्त केली, शेजारी तारीख घातली आणि सही केली.